आधी समोरच्याची बाजू

वकीलसाहेबांशी वाद घालायला गेलेला माणूस हमखास हरायचा, आणि वर त्यांच्याच घरचा चहा पिऊन हसत परत जायचा. ही किमया फार थोड्यांना साधते. फौजदारी खटले लढवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर काळा कोट कपाटात टांगला आणि नवं वकीलपत्र घेतलं, ते थेट ख्रिस्ती विश्वासाचं. दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत त्यांचा वर्ग भरे. घडीच्या लोखंडी खुर्च्या, एक डुगडुगणारं टेबल, ओल आलेली भिंत, आणि विषय एकच. 'तुम्ही या सगळ्यावर विश्वास तरी कसा ठेवता?' असं कुणी विचारलं, तर काय सांगायचं?

यावर मंडळीत एकमत असेल तर शपथ! गणिताचे मास्तर म्हणत, विश्वाला सुरुवात आहे म्हणजे ती करणारा कुणीतरी आहे, तिथून पायरी पायरीने वर चढावं. चर्चच्या पाळकांना हे बिलकूल पटत नसे. 'देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारे आपण कोण? ज्या बुद्धीने शंका काढता ती कुणी दिली, ते आधी विचारा. सुरुवात पवित्र शास्त्रापासूनच करा.' वकीलसाहेबांच्या बायकोला दोन्ही पक्ष सारखेच. 'आजारी माणसाकडे डबा घेऊन जा, मग तो काय विचारतो ते बघा,' एवढं बोलून ती खरंच डबा भरायला उठे. वकीलसाहेबांचा सगळा भर साक्षीपुराव्यावर. ख्रिस्ताची रिकामी कबर आधी कुणी पाहिली, भीतीने दारं लावून बसलेले त्याचे शिष्य एकाएकी चव्हाट्यावर येऊन जीव द्यायला का तयार झाले, हे ते असं उलगडत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता बाहेर पट्टेवाला पुकारा करणार. वर्गातली पोरं त्यांना पाठीमागे 'उलटतपासणी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या वर्गाचा एक कायदा होता. कुणाला उत्तर द्यायचं असेल, तर आधी त्याची बाजू आपल्या तोंडाने मांडायची. तीही इतकी चोख, की समोरच्याने म्हणावं, 'हो, माझं म्हणणं हेच.' तोवर उत्तराचा शब्द काढायचा नाही. वकीलसाहेब नास्तिकाची बाजू मांडायला उठले की नास्तिकानेही तोंडात बोटं घालावीत. पाळक मध्येच उठत. 'अहो, पोरं तिकडेच जायची!' ते म्हणत. 'समोरच्याचं ऐकायला जो घाबरतो, त्याचा स्वतःच्या अशिलावर भरवसा नसतो,' असं उत्तर मिळे. असा वकील विश्वासाला मिळाला हे विश्वासाचं भाग्यच म्हणायचं.

आणि मग त्यांच्या स्वतःच्याच मुलीने चर्चला येणं बंद केलं.

ती मुलांच्या वॉर्डात नर्स होती. शाळकरी असल्यापासून या वर्गात पहिल्या रांगेत बसलेली. पाळक भला माणूस, ते 'मी सांगितलं होतं' असं कधी म्हणाले नाहीत, पण बाकीच्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? वकीलसाहेबांनी एकदा जेवताना विषय काढला. देव चांगला, तर जगात दुःख का, हाच तिचा प्रश्न असणार असं त्यांनी गृहीत धरलं, तो मुद्देसूद मांडला आणि मुद्देसूद खोडूनही काढला. ती म्हणाली, 'जिंकलात, पप्पा,' आणि ताट उचलून आत गेली.

त्यानंतरही ती घरी येई, त्यांची औषधं आणून देई, आईशी गप्पा मारी. देवाचं नाव निघालं की मात्र तिला काहीतरी काम आठवे. आता तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि महिनाअखेर ती निघणार होती. मुलीचा विश्वास उडाला याचं दुःख वकीलसाहेबांना होतंच. पण या विषयावर ती आपल्याशी बोलतच नाही, हे त्यांना जास्त लागलं होतं. ती अशीच निघून गेली, तर हे दार कायमचं बंद होणार होतं.

'तिच्याशी जिंकायला कशाला गेलात?' बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. 'तिला काय म्हणायचं होतं ते तरी विचारलंत का?'

वकीलसाहेब चपापले. तिच्याकडून 'हो, हेच' वदवून घ्यायचं राहूनच गेलं होतं. कायदा करणाऱ्यानेच कायदा मोडला होता.

त्यांनी मुलीला फोन केला. 'रविवारी वर्गाला ये. मी तुझी बाजू मांडणार आहे. चुकलो तर अडव.' मम्मीला घरी सोडायला म्हणून येते, असं सांगून ती आली आणि मागच्या रांगेत बसली.

वकीलसाहेब उभे राहिले. त्यांनी तिचं म्हणणं असं मांडलं की मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

'नाही,' मुलगी म्हणाली.

त्यांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.

'नाही, पप्पा.'

वकीलसाहेब खुर्चीवर बसले. 'मग तूच सांग. मला कळलेलं नाही,' ते म्हणाले. हे वाक्य त्या खोलीत त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

'वॉर्डात एक बाळ गेलं,' ती सांगू लागली. 'आई खाटेशी उभी होती. मला म्हणाली, सिस्टर, असं का? आणि मी तुमचं उत्तर दिलं. एखाद्या गोष्टीचं कारण आपल्याला दिसत नाही, म्हणून कारणच नाही असं होत नाही. शब्दन् शब्द तुमचा. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाळाच्या दुपट्याची घडी घालायला लागली. पुन्हा माझ्याशी बोलली नाही.'

कुणीतरी खुर्ची सरकवली. वकीलसाहेब टेबलावरून तिच्या दिशेने पुढे झुकले. मग हळू म्हणाले, 'देव आहे की नाही, हा तुझा प्रश्नच नाही. ज्या देवाची बाजू घेताना तू त्या आईला एकटं पाडलंस, त्याच्याकडे तुला परत जाता येत नाही. आणि ती बाजू घ्यायला तुला तुझ्या बापाने शिकवलं.'

'हो,' ती म्हणाली. 'हेच.'

आता उत्तराची पाळी त्यांची. 'त्या आईसमोर उभं राहून देता येईल, असं उत्तर आज माझ्याकडे नाही. आणि चूक माझी, तुझी नाही,' ते म्हणाले.

वर्ग तिथेच संपायचा, पण त्यांची बायको उठली. 'असं कसं? आता हिने तुमची बाजू मांडायची. कायदा सगळ्यांना सारखा.'

मुलीने आईकडे डोळे वटारून पाहिलं, पण उभी राहिली. रिकामी कबर येणार, साक्षीदार येणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

'पप्पा म्हणतात, देव लांबून बघत नव्हता,' ती म्हणाली. 'त्याचाच मुलगा वधस्तंभावर गेला तेव्हा बाप तिथेच होता. मूल जातं म्हणजे काय, ते त्याला माहीत आहे. तुम्हाला पप्पा पुरावे सांगतात, पण स्वतः ते यावर उभे आहेत. पप्पा एका पोराचा खटला हरले आणि तो तुरुंगातच वारला. त्याच्या आईकडे पप्पा अजून जातात. लहानपणी मी सोबत जायचे. तिथे ते एकही मुद्दा मांडत नाहीत. तिच्या शेजारी बसतात.' ती थांबली. 'बरोबर मांडलं?'

 वकीलसाहेबांनी होकाराची मान हलवली, आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले.

'मी मान्य नाही केलेलं हं, पप्पा. नुसतं मांडलं.'

'नको करूस मान्य,' ते म्हणाले. 'पण पुन्हा एकदा सांग. मला ऐकायचंय.'

तिने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.