सात नंबरच्या कॅसेटची शेवटची चार मिनिटं

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेल्या उन्हाळ्यात तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, तुमच्याकडे राहायला आली होती. तेव्हा ती तुमच्या कपडे धुण्याच्या मशीनपुढे खुर्ची टाकून बसली आणि पाऊण तास त्या मशीनचा आवाज फोनमध्ये भरत राहिली. तुम्ही हसत हसत मला फोनवर विचारलंत, "आजी, ही पहिल्यापासून अशीच आहे का?" मी "हो" म्हणाले आणि विषय बदलला.

विषय बदलायला कारण होतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर माझी एक चूक सांगावी लागली असती, आणि ती मी चाळीस वर्षं कोणालाही सांगितली नव्हती. या हिवाळ्यात ती सांगावी लागली. त्यानंतर जे ऐकलं ते अजून कानात ताजं आहे, म्हणून आत्ताच लिहिते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. थोडे दिवस गेले की मी आठवणीसुद्धा घडी घालून कपाटात ठेवते, आणि मग त्या फार नीटनेटक्या होतात. मराठी वाचताना कुठे अडलात तर आईला विचारा.

तुम्ही तिला नाटकांना आणि लहान लहान चित्रपटांना संगीत देणारी म्हणून ओळखता. मी लग्न होऊन लोणारला आले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मी बुलढाण्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलेली. सासरी भाजीपाल्याची शेती. वांगी, मिरची, कोथिंबीर, आणि घरात कायम ओल्या मातीचा वास. ती माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणायचे, अजूनही म्हणते.

माझ्या लग्नाच्या वर्षी नात्यातले एक जण आखातातून परत आले आणि त्यांनी माझ्या सासऱ्यांना एक टेपरेकॉर्डर दिला. सासऱ्यांना त्यावर भजनं ऐकायची होती. त्यांनी दोनदा ऐकली असतील. त्यानंतर तो टेप ताईच्या हाती गेला तो गेलाच.

स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत धान्याची पत्र्याची कोठी होती, माणसाच्या छातीएवढी उंच. उन्हाळ्यात ती रिकामी व्हायची. ताई त्या कोठीत डोकं घालून गायची आणि टेप आत दोरीने सोडायची, कारण आत आवाज घुमतो हे तिला झाडताना कळलं होतं. एका कॅसेटवर माझ्या सासूबाईंचा आवाज आहे: "काऊन वं, उंदीर पाहून राह्यली का कोठीत?" आणि कोठीच्या आतून ताईचा, देवळात बोलल्यासारखा: "माय, बोलू नको ना! टेप चालू हाय!" सासूबाई पुढे म्हणतात, "चालू हाय तं चालू राहू दे. भाकरी कोन थापन, तुहा टेप?"

घरामागे गाद्या भरणारे चाचा राहायचे. कापूस पिंजायच्या त्यांच्या धनुकलीच्या तारेचा 'टंव् टंव्' आवाज दुपारभर यायचा. मला त्या आवाजाने वह्या तपासता यायच्या नाहीत. ताई मात्र भिंतीला कान लावून बसायची. चाचांकडे कव्वालीच्या कॅसेटी होत्या आणि एक जुना टेप होता. तो ती मागायला गेली तेव्हा ते म्हणाले, "ने बेटी, पन बटन जोरात दाबू नको. मशीन बुढी झाली माह्यासारखी."

दुसरा टेप घरात आला आणि मी माझ्या आयुष्यातलं पहिलं आश्चर्य पाहिलं. ताईने एका टेपवर स्वतःचा आवाज भरला. तो वाजवला आणि त्याच्यासोबत दुसऱ्या सुरात गायली, ते दोन्ही आवाज दुसऱ्या टेपवर भरले. मग तो वाजवून तिसऱ्यांदा गायली. शेवटी कॅसेट लावली तेव्हा आमच्या मागच्या खोलीत तीन ताया एकदम गात होत्या. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. असं कुठे करतात हेही तिला ठाऊक नव्हतं. मी पदवीधर बाई, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन दारातच ऐकत उभी राहिले.

तिला काय आवडत नाही, हे मला कधी सापडलं नाही. लग्नाचा बँड, कव्वाली, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बाजाराला येणाऱ्या बायकांची गाणी, सरोवराकडून येणारा मोरांचा आवाज, बसच्या सैल खिडकीची थरथर. रेडिओच्या खरखरीत एखादं परदेशी केंद्र लागलं की ती मला ओढून न्यायची. "वहिनी, सांग ना, थे बाई काय सांगून राह्यली?" मी ऐकून सांगायचे की आता चार वाद्यांची एक रचना वाजवणार आहेत. "चारच? आन् येवढा मोठा आवाज?" मग ती डोळे मिटून ऐकायची. माझ्या इंग्रजीचा इतका सुंदर उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता आणि नंतरही नाही.

कॅसेटी जवळच्या बीबी गावच्या बाजारातून यायच्या. वाढत गेल्या तशी मी त्यांना नंबर दिले आणि एक वही केली: नंबर, काय आहे, किती वेळ. ताई मला चिडवायची, "तुह्या वहीत मावते का वं गानं?" पण कॅसेट हवी असली की माझ्याकडेच यायची.

आता सात नंबरची गोष्ट.

आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याचा ठोका ताईच्या डोक्यात बसला होता. ती आठ दिवस रोज सकाळी विहिरीवर जायची आणि इंजिनाशेजारी बसून, शब्द नसलेली एक चाल त्या ठोक्यावर गुणगुणायची. रविवारी मी शेतात भाकरी घेऊन गेले तेव्हा ती टेप मांडीवर घेऊन बसली होती. तोंडाने गात होती, एका हाताने दगडावर चाचांच्या तारेची लय वाजवत होती. इंजिनाची लय वेगळी, हाताची वेगळी, गाण्याची तिसरीच. तिन्ही आपापल्या वाटेने जात होत्या आणि मध्येच कुठेतरी एकत्र पाय टाकत होत्या. मला तेव्हा ते कळलं नाही. मला फक्त भाकरी गार होतेय असं वाटत होतं.

मिरचीचे वाफे भरले आणि सासऱ्यांनी इंजिन बंद केलं.

"दादा! काऊन बंद केलं? माह्यं गानं अर्धं राह्यलं!"

"वाफे भरले तं बंद नाही करू? तुह्या गान्यासाठी मिरची बुडवू का?"

ती दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. ती कॅसेट तिने पुन्हा ऐकली नाही. पण तिच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मोडून टाकल्या, म्हणजे त्यावर कोणाला काही भरता येऊ नये. मी म्हटलं, "बिघडलीये ना?" ती म्हणाली, "बिघडली तं बिघडली. माह्यी हाय."

तीन वर्षांनी ती संगीत शिकायला पुण्याला गेली. कॅसेटी इथेच लोखंडी पेटीत राहिल्या. मला तेव्हा मुलांना ऐकवण्यासाठी इंग्रजी धडे वाचून ठेवायचे होते, आणि कोरी कॅसेट मिळेना. मी वही काढली. सात नंबर लावून पाच मिनिटं ऐकली. इंजिनाची धडधड आणि त्याच्या मागे गुणगुण. मनात म्हटलं, यात गाणं कुठे आहे? टिकल्या मोडलेल्या जागी मी चिकटपट्टी लावली, स्वच्छ, सरळ, कात्रीने कापून. एक बाजू पूर्ण आणि दुसरी जवळजवळ पूर्ण, मी इंग्रजी धडे भरले. मग वहीत सुंदर अक्षरात लिहिलं: "७. इंजिन. गाणे नाही. इंग्रजी वाचनासाठी वापरली."

ही माझी चूक. मी ती लपवली नाही, वहीत लिहून ठेवली. पण वही कोणाला दाखवलीही नाही.

पुढे ताईचं नाव झालं. तिच्या एका नाटकाला मी पुण्यात जाऊन बसले. अंधारात आधी एक तार वाजली, टंव् टंव्, आणि मला चाचांची भिंत दिसली. मग बायकांचा समूह आला, तांड्यावरच्या चढ्या आवाजात. त्यांच्याखाली कुठल्यातरी मोठ्या चामड्याच्या वाद्यावर ठोका सुरू झाला. शेजारची बाई पुटपुटली, "काय ताल आहे हा!" मला ठाऊक होतं. ते आमचं विहिरीवरचं इंजिन होतं. चारशे माणसं श्वास रोखून आमचं इंजिन ऐकत होती. त्यावर ती शब्द नसलेली चाल आली, वर चढली आणि मध्येच थांबली. तिच्या कामात ती चाल अशीच अनेकदा येते आणि अर्धी सोडून जाते. एकदा कोणीतरी तिला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तिचा शेवट मला सापडलेला नाही. चाल घरी एका कॅसेटवर अर्धीच राहिलीये." तेव्हाही मी शेजारी बसले होते, पदर नीट करत.

या मार्गशीर्षात ती जालन्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने आली. सोबत चालू टेप आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं यंत्र. हात धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, "पेटी काढ वहिनी. सात नंबर पहिले. आता माह्यं वय झालं, थे गानं कुठं तुटलं थे ऐकून शेवट शोधतोच मी एकदाचा."

मी पेटी काढली नाही. वही काढली, पान उघडलं आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

तिने वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"इंग्लिश?" ती म्हणाली.

"हो."

"टिकल्या मोडल्या होत्या मी."

"चिकटपट्टी लावली."

ती उठली, मागच्या अंगणात गेली, आणि चहाचे दोन कप कितीतरी वेळ विसळत राहिली. रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती परत आली ती पदराला हात पुसत. "लाव," एवढंच म्हणाली.

आम्ही सगळी कॅसेट ऐकली. पुढे सरकवू दिली नाही तिने. माझा पंचविशीतला आवाज, कडक इस्त्रीसारखा: "धिस इज अ बुक. दॅट इज अ ट्री." सबंध एक बाजू. मग दुसरी बाजू. "व्हेअर इज द काऊ? द काऊ इज अंडर द ट्री." मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. शेवटी माझा आवाज म्हणाला, "नाऊ क्लोज युवर बुक्स," आणि खट्कन बटण वाजलं.

आणि इंजिन सुरू झालं.

माझे धडे कॅसेटपेक्षा थोडे आधी संपले होते. उरलेल्या भागाला माझा हात लागला नव्हता. खोलीत इंजिन धडधडत होतं आणि त्यावर सोळा वर्षांची ताई गात होती. दगडावरची लय ऐकू येत होती. ताईचा सुरकुतलेला हात आपोआप मांडीवर पडायला लागला.

मग सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. डिझेलचं इंजिन बंद केलं तरी त्याचं जड चाक लगेच थांबत नाही. ठोके लांबत जातात. एक, मग थांबून एक, मग आणखी थांबून एक. आणि त्या प्रत्येक ठोक्याबरोबर पोरीचा आवाज एकेक पायरी खाली उतरत होता. इंजिन जितकं लांबलं तितका तिने सूर लांबवला. शेवटच्या ठोक्यावर तिचा सूर येऊन असा टेकला, जसं पाखरू फांदीवर टेकतं. मग शांतता. लांब कुठेतरी टिटवी ओरडली. आणि मगच तिचं ओरडणं: "दादा! काऊन बंद केलं? माह्यं गानं अर्धं राह्यलं!"

कॅसेट संपली.

गाणं अर्धं राहिलंच नव्हतं. गळ्याने ते पुरं केलं होतं आणि रागाने ते तिला ऐकूच दिलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या चालीचा शेवट ती कुठे कुठे शोधत होती, तो तिने सोळाव्या वर्षी, थांबत्या इंजिनाच्या मागे मागे जाऊन, एका दमात गायला होता.

"मी तं केला होता वं शेवट," ती अगदी हळू म्हणाली. मग तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "आन् दादाशी दोन दिवस बोलली नाही मी. वहिनी, दादानंच वाजवला थो शेवट."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू दे. तुहं इंग्लिशबी लयीतच हाय. पन गाय लय वेळ उभी केली तू झाडाखाली."

मी सुचवलं की यंत्रात उतरवताना माझे धडे कापून टाक. तिने कापले नाहीत. तासभर मशीनपुढे बसून सगळं उतरवलं, गायीसकट. तुम्ही विचारलंत ना, ही पहिल्यापासून अशीच आहे का? अशीच आहे. फरक एवढाच की तिच्यासारखं ऐकायला मला आता पासष्टी ओलांडावी लागली. परवा मी आमच्या फ्रिजचा आवाज दहा मिनिटं ऐकला.

काय उरलंय ते सांगून थांबते. इंजिन भंगारात गेलं, चाचा गेले, सासू-सासरे गेले. कोठी आहे, तिच्यात यंदाची तूर भरली आहे. एकेचाळीस कॅसेटींपैकी छत्तीस वाजतात. पाचांना बुरशी लागली. वही आहे, आणि तिच्यात सात नंबरपुढे मी 'गाणे नाही' हे शब्द खोडून 'गाणे आहे, शेवटची चार मिनिटे' असं लिहिलं आहे.