जीपमधून उतरलेली माणसं

गेल्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात ओवीला पुन्हा फिट यायला लागल्या आणि माझ्या मनातली श्रद्धा आटत गेली. देवावर रागावले होते असं म्हणणार नाही. रागवायला समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचे, पण ते घरातला दिवा लावण्यासारखंच झालं होतं. अंधार पडला की बटण दाबायचं, तसं.

ओवी माझी मुलगी, बारा वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, मान फार वेळ सावरत नाही, शब्द मोजकेच बोलते. पण हसते खूप, आणि माणूस कसा आहे हे ओळखण्यात आमच्या इंदिरानगरच्या घरात तिचा हात कोणी धरणार नाही. तिला भरवणं, अंघोळ, व्यायाम, औषधं, सगळं मीच करते. तिच्या बाबांनी तिला उचललं तरी माझा एक हात तिच्या मानेखाली असायचाच. बरीच वर्षं फिट बंद होत्या. आता औषध बदललं तरी त्या आटोक्यात येत नव्हत्या.

सासूबाई सटाण्याला राहतात. फोनवर त्यांचं एकच चाललं होतं, "पोरीले गडवर लई जा. माय बठ्ठं देखस." आई सगळं बघते, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून आम्ही एका सकाळी सप्तशृंगी गडावर गेलो. ट्रॉलीची सोय असल्यामुळे व्हीलचेअर वरपर्यंत नेता आली. देवीसमोर मी हात जोडले आणि मनात म्हटलं, "हिच्या फिट तेवढ्या थांबव, बाकीचं मी बघून घेते." मला काहीच जाणवलं नाही. ओवी मात्र त्या शेंदरी मूर्तीकडे बघून सारखी हसत होती.

परतताना वणी मागे पडली आणि थोड्या वेळाने आमची गाडी बंद पडली. ऊन चांगलंच तापलं होतं. यांनी बॉनेट उघडलं, आणि तेवढ्यात मागच्या सीटवर ओवीचं अंग ताठ झालं. मला याची सवय आहे. मी तिला कुशीवर वळवलं, मानेखाली ओढणीची घडी दिली, डॉक्टरांनी दिलेला स्प्रे नाकात मारला. एरवी थोड्या वेळात झटके ओसरतात. त्या दिवशी ओसरेनात. तिचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मात्र कोणाची तरी गाडी थांबवा म्हणून मी यांना ओरडून सांगितलं. हे रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात करत होते आणि गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या.

मग एक जीप थांबली. सुरगाण्याकडून येणारी, मागे माणसं लटकलेली, टपावर बोचकी आणि पातेली. दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला निघालेली माणसं होती ती. त्यांतली एक बाई, माझ्याहून थोडी मोठी असेल, खाली वाकून आमच्या गाडीत डोकावली आणि मागे वळून ओरडली, "उतरा रे सगळे! पोरीला आडवी निजवायची हाय."

कोणी काही विचारलं नाही. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळे भराभर खाली उतरले. बोचकी टपावरच राहू दिली. ओवीला आमच्या सीटवरून उचलून जीपमध्ये नेताना तिच्याखाली किती हात होते, मला सांगता येणार नाही. एक म्हातारा यांना म्हणाला, "आमचं काय नाय, आमी चालत येतो. तुमी जा बिगी बिगी."

हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागची सीट अरुंद. मी ओवीचं डोकं मांडीवर घ्यायला गेले, तर तिचे पाय खाली घसरत होते. पाय धरले की मान सुटत होती. ती बाई माझ्याबरोबर आत चढली होती. तिने हात पुढे केले. मी म्हटलं, "नको, माझ्याकडेच राहू द्या. तिची मान सांभाळावी लागते."

ती शांतपणे म्हणाली, "बाई, तू पाय धर. डोकं मी धरते. एकटीनं सगळी पोर कशी धरशील?"

जीप सुटली होती. वाद घालायला वेळच नव्हता. मी ओवीचं डोकं तिच्या मांडीवर दिलं. तिने एक तळहात गालाखाली ठेवला, दुसऱ्याने पदर धरून ऊन अडवलं. आणि कसं सांगू, माझं मूल अजून फिटमध्येच होतं, पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं, तरी माझ्या छातीतला दगड हलला. बारा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी सोडलं तरी ही पडणार नाही. मनात आपोआप आलं, आई, तुझीच आहे ही. तू बघ.

सरकारी दवाखान्यात पोचताच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि झटके थांबले. ओवी गाढ झोपली. मी बाहेर आले तेव्हा ती बाई जीपमध्ये बसत होती.

"निजली?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही थांबा ना जरा, चहा तरी—"

"माणसं उन्हात चालत्यात. त्यांना घेते." जीप आल्या रस्त्याने मागे गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी हे मेकॅनिकला घेऊन गाडीपाशी गेले, तर सावलीच्या बाजूला दोन म्हातारी माणसं, नवरा-बायको, बसून होती. घाईत आम्ही गाडी उघडीच टाकून गेलो होतो, म्हणून ती दोघं मागे थांबली होती. आपल्या माणसांबरोबर जीपने पुढे गेली नव्हती. यांना बघताच म्हातारी उठली. "पोर बरी हाय का?" एवढंच तिने विचारलं. हे घरी आल्यावर मला सांगायला लागले आणि मधेच थांबून रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अठरा हात शेत तिले." देवीला अठरा हात आहेत, असं त्यांना म्हणायचं होतं. मी वाद घातला नाही. चमत्कार झाला असंही मी म्हणत नाही. ओवीच्या फिट आता कमी झाल्या आहेत, त्या डॉक्टरांनी नंतर पुन्हा बदलून दिलेल्या औषधाने, आणि अजूनही अधूनमधून येतात. देवीकडे जे मागितलं होतं ते तसं मिळालं नाही. पण "बाकीचं मी बघून घेते" असं मी तिला पुन्हा कधी म्हटलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. ओवीला कॉलनीतल्या मंदिरात भजनाला नेते म्हणून त्या कितीतरी दिवसांपासून विचारायच्या आणि मी हसून टाळायचे. त्या महिन्यात मीच त्यांच्याकडे गेले. मान कशी धरायची, फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं, स्प्रे कधी मारायचा, सगळं शिकवलं. काकूंनी दोनदा करून दाखवलं, चुकलं तिथे पुन्हा विचारलं.

पहिल्या गुरुवारी त्या ओवीला घेऊन गेल्या आणि मी गॅलरीत उभी राहिले. टाळ सुरू झाले. मधेच ओवीचा आवाज आला, खूप आनंद झाला की ती मारते तशी मोठी आरोळी. माझा पाय दाराकडे वळला. पण भजन थांबलं नाही. तिच्या आरोळीसकट ते पुढे चालू राहिलं, उलट टाळ जरा जोरातच वाजायला लागले. मी गॅलरीतच खाली बसले आणि हात जोडले.