तिघींचा फोटो

पेणच्या फ्लॅटमध्ये आई खिडकीपाशी बसून असते आणि मी तिच्यासमोर टेबल मांडून फोटो कापत बसतो. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा अगदीच रिकामटेकडा झालाय. वाटू दे. रोह्याला कंपनीत शिफ्टा करून करून अर्ध्या आयुष्याची झोप गेली. आता उरलेल्या वेळात मी कात्री चालवीन नाहीतर शीर्षासन करीन, कुणाच्या बापाचं काय जातं?

उद्योग असा आहे. एकाच जागेचे, जरासा फरक असलेले दोन फोटो घ्यायचे. एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. पुठ्ठ्यावर ते शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगं बसवलेल्या खोक्यातून बघायचे. चित्रं एकमेकांत बसली की कागद नाहीसा होतो आणि जागाच उघडते. झाड पुढे येतं, डोंगर मागे जातो, मधली हवासुद्धा दिसायला लागते. अट एकच, दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा थोडा बाजूला सरकलेला हवा. दोन डोळ्यांत अंतर असतं ना, तसं काहीसं.

हे मला कुणी शिकवलं नाही. बायको गेल्यावर एका दुपारी अल्बम घेऊन बसलो होतो. चष्मा कपाळावर, डोळे भरलेले, नजर कुठेच नाही. मुरुडच्या किनाऱ्यावरचे दोन जवळजवळ सारखे फोटो एकाच पानावर लावलेले होते. बघता बघता ते एकमेकांवर सरकले आणि लाट एकदम कागदातून उठून पुढे आली. मी दचकून अल्बम मिटला. शप्पथ सांगतो, पुन्हा उघडायला हात धजेना.

आता एकाच जागेचे दोन दोन फोटो आमच्याकडे आले कुठून? रीळ जपून वापरायचे दिवस होते ते. तर त्याचं कारण आई. ताटात तीन भाकऱ्या वाढायच्या नाहीत, तसा तिघांचा फोटो काढायचा नाही, त्यातलं एक माणूस जातं, हे तिचं ठाम मत. आणि आमच्या घरात माणसं चार, आई, बायको, मुलगी आणि मी. कॅमेरा माझ्या हातात, म्हणजे समोर उरल्या किती? तिघी! कुठेही फिरायला जा, तिघीच. मी आपला घाईने बटण दाबून मोकळा व्हायचो. तो आवाज झाला रे झाला की आईला आठवायचं.

"अगो बाय, तिघी झालो! काढलास काय रं? आता लगेच दुसरा काढ. उतारा नको?"

दुसऱ्या फोटोत एक माणूस कमी केलं की पहिल्याचा दोष जातो, हा तिचा स्वतःचा शोध. कुठल्याही पोथीत नसावा. आई एकदा टेकली की उठायची नाही, मुलगी लहान. मग कमी कोण होणार? बायको. ती हसत, पदर सावरत बाजूला व्हायची. तिची जागा रिकामी दिसू नये म्हणून मी अर्धं पाऊल सरकायचो आणि दुसरा फोटो काढायचो. हरिहरेश्वरला मात्र मी बटण दाबायच्या आधीच बायकोने शहाळेवाल्याला चौथा म्हणून ओढून आणलं. तो बिचारा हातात कोयता घेऊन आमच्या अल्बममध्ये कायमचा उभा आहे. त्या दिवशी आईसकट सगळे पोट धरून हसलो होतो.

पुढे मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि एका पावसाळ्यात बायकोला कावीळ झाली. रोह्याहून मुंबईला नेली. पंधरवड्यात सगळं आटोपलं. याहून जास्त मला अजूनही लिहिता येत नाही.

मुरुडची ती लाट बघितल्यावर मला एकच ध्यास लागला. बायकोला एकदा तशी बघायची. सपाट नको, हाडामांसाची, मागेपुढे हवा असलेली. सगळे अल्बम काढले, जोड्या लावल्या, भिंगं आणली, खोका केला. महाबळेश्वर झालं, वेरूळ झालं. खोक्यात डोळे घातले की आई उठून यायची, मुलगी यायची, तिच्या फ्रॉकची झालरसुद्धा यायची. आणि बायकोच्या जागी नुसतं धुरकट काहीतरी. मुरुडच्या जोडीत एका डोळ्याला ती दिसते, दुसऱ्याला तिच्यामागचा समुद्र. दोन्ही डोळ्यांचं भांडण लागतं. क्षणभर ती असते, मग तिच्यातून लाटा दिसायला लागतात. एकूणएक जोडीत तेच. आणि गंमत बघा, ती बाजूला झाली म्हणून तर मी सरकलो होतो. ती हलली नसती तर मुळात जोडीच झाली नसती. हे लक्षात आलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

शेवटी मी तिला एका फोटोतून कापून घेतली आणि दुसऱ्यात चिकटवली. धुरकटपणा गेला. आनंदाने खोका आईच्या हातात दिला. तिने बराच वेळ बघितलं.

"ही आपली नाय," ती म्हणाली. "ही पुठ्ठ्याची हाय."

खरंच होतं. मागे डोंगर भरीव, पुढे पोर भरीव आणि मध्ये बायको सपाट, दुकानाबाहेर उभ्या केलेल्या जाहिरातीतल्या बाईसारखी. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं.

"मग आपली कुठून आणू? दरवेळी तूच तिला बाहेर काढलीस! तिघी नको, तिघी नको! काय झालं तुझ्या उताऱ्याचं? सांग ना!"

नव्वदीच्या बाईवर कुणी असं ओरडतं का? मी ओरडलो. आईची बोटं खोक्याच्या कडेवरून फिरत राहिली. रडली असती तर परवडलं असतं.

"मी उठायला पायजे होतं," ती शेवटी म्हणाली. "तेव्हापण माझंच वय झालेलं. मी बाजूला झाले असते तर तुझ्याजवळ ती असती."

मला तिच्याकडे बघवेना. आत जाऊन चहा टाकला. दोन कप घेऊन आलो तर ती माझी वाटच बघत होती.

"कोलाडला नदीवर गेलेलात ना तुम्ही? तेव्हा माझा गुडघा सुजलेला. मी घरीच होते रं."

कोलाडचे फोटो अल्बममध्ये नव्हते. रोह्याचं क्वार्टर सोडून पेणला आलो तेव्हा फोटोवाल्याची काही पाकिटं तशीच ट्रंकेत टाकून आणली होती, त्यांत सापडले. नदीकाठच्या खडकावर बायको आणि मुलगी, दोघीच. हटकणारं कुणी नाही, उताऱ्याची गरज नाही, आणि तरीही फोटो दोन! हाताला सवय लागली असणार. एक झाला की अर्धं पाऊल सरकायचं आणि दुसरा काढायचा. दोन्हींत ती होती. कात्री इतक्या घाईने चालवली की कडा वाकड्यातिकड्या कापल्या गेल्या. जाऊ दे म्हटलं.

खोक्यात बघितलं. पाणी आलं, खडक आला, मुलगी ओल्या पायांनी आली. आणि बायको आली! खांदा आला, पदर आला, कमरेवर टेकवलेला हात, त्यातल्या बांगड्या, सगळं भरीव. हात पुढे केला असता तर लागली असती. मी नजर तिच्या चेहऱ्याकडे नेली.

चेहरा मात्र एक ठरेना. पहिल्या फोटोत ती ओठ मिटून शहाण्यासारखी उभी आहे. त्या दिवशी मध्ये बोलायला आई नव्हती, तेव्हा दुसरा फोटो येईल हे तिच्या ध्यानीमनी नसणार. तिला वाटलं, संपलं. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि तेवढ्यात मी बटण दाबलं. एका डोळ्यात मिटलेले ओठ, दुसऱ्यात उघडलेले. माझे डोळे आळीपाळीने एकेक घ्यायला लागले. ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. माझी बायको बोलत होती.

काय बोलत होती ते मला कुणी सांगायला नको. जन्मभर कॅमेऱ्यासमोर तिचा एकच प्रश्न असायचा, गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा. "अहो, झालं का?"

"नाही गं," मी खोक्यात तोंड घालून म्हटलं, "अजून नाही. जरा थांब ना." आई समोरच बसली होती, तिने ऐकलं. ऐकू दे. भिंगं ओली होऊन पुढचं काही दिसेनासं झालं, तरी मी डोळे बाहेर काढले नाहीत.