भिंतीलगतची दोन बोटे

आमच्या क्रीडागृहाच्या स्मरणिकेत बांधकामाचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण कार्यालयातला सर्वांत जुना माणूस मीच उरलो होतो. बाकी मजकूर तयार होता. त्यात ‘दूरदृष्टी’ पहिल्याच पानावर चारदा आली होती.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात आखातातल्या एका लहानशा शहरातला हा हॉल पुरा होत आला होता. बास्केटबॉल, बॅडमिंटन, लग्ने, प्रदर्शने, सगळे एकाच छपराखाली. साइटची कागदपत्रे मी सांभाळायचो, अल कुसैसहून रोज जाऊन-येऊन. लाकडी जमीन बसवली ती कुडाळकडच्या एका मिस्त्रींनी. दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून भिंतीलगत चारही बाजूंनी त्यांनी दोन बोटे फट ठेवली होती. ती झाकणारी पट्टी बाहेरून यायची होती; मंदीत पुरवठादारच बुडाला.

उद्घाटनाआधी पाहणीला आलेल्या बड्या मंडळींना एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती फट तेवढी खुपली. मॅनेजरांनी ती लाकडी पट्ट्या ठोकून बुजवायला सांगितली. पत्र मी टाइप केले. मिस्त्रींनी नको म्हणून पाहिले, मग पट्ट्या ठोकल्या. जमीन पास झाली.

उद्घाटन मात्र झाले नाही. पैसा आटला, काम थांबले, कामगारांचा कॅम्प रिकामा होऊ लागला. हॉलचा एसी बंद होणार हे कळल्यावर मिस्त्री माझ्याकडे आले. त्यांचा व्हिसा रद्द झाला होता, विमान तीन दिवसांवर होते.

“साहेब, एसी बंद झालो की लाकूड फुगतला. मगे जातला खंय? पट्टे काढूक माका एक दिवस पुरे. तुमी फक्त सही करा.”

पास झालेल्या कामाला लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नसे. मॅनेजर रजेवर गेले होते आणि परतणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे माझी सही चालली असती. पण कमी करायच्या लोकांची यादी रोज वाढत होती, आणि साहेबांनी बुजवलेली फट उघडणारा म्हणून मला त्या यादीत जायचे नव्हते. बघतो म्हणालो. वर इन्शाल्लाही म्हणालो. मिस्त्री तिथे अकरा वर्षे राहिले होते. त्यांना त्याचा अर्थ समजला. ते उठले.

उन्हाळ्यात जमीन उचलली गेली, माणूस खाली सरपटत जाईल इतकी. काही वर्षांनी पैसा परत आला, कृत्रिम जमीन आली, उद्घाटनही झाले. स्मरणिकेत मी लिहिले : ‘मूळ लाकडी जमीन बदलून आधुनिक जमीन बसवण्यात आली.’ वाक्यात चूक काढता येणार नाही.

स्मरणिका छापून झाल्यावर मिस्त्रींचा फोन आला. गावाकडे एका शाळेच्या हॉलचे काम मिळण्याजोगे होते. दाखवायला आपण बसवलेल्या त्या जमिनीचा फोटो हवा होता. या वेळी मी सगळे सांगितले, माझ्या न केलेल्या सहीसकट. त्यांनी एवढेच विचारले.

“खंयच्या भिंतीकडसून आधी उठली, साहेब?”

मला सांगता येईना. जमीन उचलली गेल्याचे कळवणारे पत्र मी फाइलला लावले होते. बघायला गेलो नव्हतो.