पहिल्या हाकेला ओ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिलेलं नाही, नीट वाचा. या सदरात लोक सुरुवात अशीच करतात आणि शेवटी गंडा बांधून मोकळे होतात. मी गंडा बांधलेला नाही, कोंबडं कापलेलं नाही. मरीआईच्या देवळाच्या भिंतीवर ‘उंदीर मारा, लस टोचा’ असं गेरूनं लिहिणारा मीच, आणि त्यापायी थोबाडीत खाल्लेलाही मीच. तरी गेल्या माघात जे घडलं, ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही...

आमचं गाव कोरेगावाच्या पूर्वेला दोन कोसांवर. मधे ओढा. अलीकडे, कोरेगावच्या अंगाला, उघडा माळ, पलीकडे गाव. पौषात घराघरांत उंदीर पडायला लागले, दोन माणसं जांघेत गाठ येऊन गेली, तेव्हा सगळं गाव कुलपं घालून माळावर आलं. पाचटाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगात असंच करायचं, ते ठीकच. पण माळावर येऊन लोक भ्यायले कशाला? उंदरांना नव्हे! कुणी गावात जाऊन कणगीतले दाणे आणी, कुणी विसरलेली वाकळ आणी. भीती एकाच गोष्टीची — हाकेची.

साथीच्या दिवसांत आमच्याकडे पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसऱ्याही नाही. मरीआई ओळखीच्या माणसाचा आवाज काढून हाक मारते म्हणे, पण तिसरी हाक तिला मारता येत नाही. तिसरी आली म्हणजे माणूसच.

मी रॉकेलच्या डब्याचा पत्रा वळवून कर्णा केला होता. डॉक्टर लस घेऊन आले त्या दिवशी मी एकेक नाव पुकारत होतो, आणि माणसं पाच हातांवर बसून माझ्या तोंडाकडे बघत गप्प! तीनदा पुकारायचं, मग गडी उठणार, धोतर झटकणार, सावकाश येणार. डॉक्टरांना पुढं आणखी एक गाव होतं. दुपारी त्यांनी पेटी मिटली. निम्मा माळ टोचायचा राहिला. त्यात माझी तानूआत्या. (राहिलेल्यांत मीही होतो — आधी गाव, मग मी, ही माझी ऐट.)

माझं डोकं फिरलं. शेजारच्या झोपडीत गेनबातात्या, मिलिटरीचे पेन्शनर. त्यांना म्हटलं, “तात्या, तुम्ही लढाईत पार इराकात, बसऱ्यापर्यंत जाऊन आलात. तुम्हीसुद्धा?”

“बसऱ्यात सात टोचण्या घेतल्या. दंड ह्यो एवढा सुजला.”

“मग हाकेला का भिता?”

“गड्या, सुई सरकारची हाय. ती कुठनं आली ते दिसतंय. हाक कुणाची ते कसं दिसावं?”

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं — ‘पहिल्या हाकेला ओ द्या! हा कसला देव, ज्याला तीनपर्यंत मोजता येत नाही?’ हातानं वीस प्रती काढल्या, झोपड्याझोपड्यांना खोचल्या. पुढच्या वेळी नाव एकदाच पुकारणार, न उठेल तो राहील, असं जाहीर केलं.

तानूआत्यानं मला वाढवलं. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. एरवी ती कुणाला भ्यायची नाही. पण पत्रक वाचून दाखवलं तेव्हा शेंगा फोडायची थांबली.

“तुझी आई पहिल्या हाकेला उठली व्हती रं, सदा. तव्यावर भाकरी तशीच टाकून. ‘आले’ म्हणाली. भाईर कुणी बी न्हवतं. आठ दिसांत गेली.”

“आई प्लेगनं गेली, आत्ये. घरात उंदीर होते.”

“उंदीर माझ्या बी घरात व्हते की. मी का न्हाई गेले?”

मी चिडलो. तू टोचून घेईपर्यंत जेवणार नाही म्हणालो. दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी पुढं सरकवली.

“गिळ बाबा. एकदाच हाक मार, येते. दुसरी मारू द्यायची न्हाई तुला. झालं समाधान?”

झालं. इतकं झालं की आज सांगायला लाज वाटते.

लस मंगळवारी यायची होती. आली नाही. तालुक्याला, कोरेगावला गेलो तर पेटी कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब फिरतीवर! बुधवारी गेलो, गुरुवारी गेलो. कर्णा घेऊन कचेरीसमोर ओरडलो. आवाज बसला, पण किल्ली हलली नाही. शुक्रवारी कपाट उघडलं. डॉक्टर आणि मी टांग्यात बसलो, कर्णा माझ्या पायांशी. हे मुद्दाम लिहितो. उन्हं डोक्यावर आली तेव्हा माळावर पोचलो.

पहिलं नाव आत्याचं. माझ्या घशातून फाटका आवाज निघाला. “आत्ये!”

काही नाही. मला हसू आलं — म्हातारी शेवटी जातीवर गेली! दुसरी हाक मारली. तिसरीही मारली. झोपडीतून गेनबातात्या बाहेर आले.

“घसा कशाला फाडतुयास? ती मगाशीच गेली की. तूच बोलावलंस न्हवं, गावातनं?”

“मी?”

“कर्ण्यातनं. ‘आत्ये, ये गं’ म्हणून. एकदाच. समद्या माळानं ऐकलं. लय खणखणीत. मी म्हटलं, तानूबाई, दुसरी तरी येऊ दे. तर हसली. म्हणाली, पोराला सबूद दिलाय.”

मी ओढ्यातून धावत गेलो. गावात चिटपाखरू नाही. आमच्या घराचं कुलूप काढलेलं. आत कणगीला टेकून आत्या बसली होती. बसायला जागा व्हावी म्हणून तिनं मेलेले दोन उंदीर केरसुणीनं बाजूला सारले होते.

“किती येळ लावलास,” ती म्हणाली. “बघ, एका हाकंत आले का न्हाई?”

मी तिला उचलूनच माळावर आणली. डॉक्टरांनी लगेच टोचलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, सुईचा गुण यायला आठ-दहा दिवस जातात. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. मग गाठ आली.

पुढचे दोन दिवस मी तिच्या उशापासून हललो नाही. मी गप्प बसलेला असायचो आणि ती मधेच म्हणायची, “ओ.” थोड्या वेळानं पुन्हा — “ओ, आले की.” दारात कुणी नाही, बाहेर कुणी बोलत नाही. मग मी तिच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या. एक, दोन, तीन... पुढं मोजल्या नाहीत. माझ्या एकाही हाकेला तिनं ओ दिली नाही. दुपारी गेली.

मी सगळं तपासलं. माळावर दुसरा कर्णा नव्हता. पोरांना दटावून विचारलं, गोंजारून विचारलं. ओढ्याकाठी उभं राहून स्वतः ओरडून पाहिलं, आवाज कसा उमटतो म्हणून. डॉक्टर म्हणतात, चार दिवस कान देऊन बसलेल्या माणसाला हाक ऐकू येतेच. आत्याचं पटतं. पण बाकीचे कुठं वाट बघत होते? आणि माझा बसलेला आवाज सगळ्यांना खणखणीत कसा ऐकू आला?

मंगळवारी लस आली असती तर आत्या कदाचित आज असती. तो जाब मी किल्लीवाल्याला विचारणारच, त्यात गूढ काही नाही. पण शुक्रवारी तिला कुणी बोलावलं, ते मला माहीत नाही.

शुक्रवारची लस पुरली नाही, म्हणून पंधरा दिवसांनी डॉक्टर पुन्हा आले. मी कर्णा उचलला. “एकदाच का रं?” गेनबातात्यांनी विचारलं. मी प्रत्येक नाव तीनदा पुकारलं. डॉक्टरांनी घड्याळ काढलं, माझ्याकडे बघितलं, परत खिशात ठेवलं. माळ टोचून झाला.

शेवटी मी उरलो. तात्यांनी माझ्या हातातून कर्णा घेतला आणि माझं नाव पुकारलं. दहा पावलांवर, ढळढळीत उन्हात, कर्णा तोंडाला लावलेले तात्या मला स्वच्छ दिसत होते.

तरी तिसऱ्या हाकेपर्यंत मी उठलो नाही.