पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी त्या बाईंचा विषय काढला की मी केळीच्या भावावर बोलायला लागायचो. आता सांगतो, कारण ज्यांना सांगायची होती त्या राहिल्या नाहीत.

बाई बुऱ्हाणपुरात, लालबागेत आमच्या शेजारी राहायच्या. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. गिरणीचे साहेब बंगला सोडून गेले तेव्हा लिलावात बाईंच्या सासऱ्यांनी एक पियानो घेतला होता. तो त्यांच्या पुढच्या खोलीत होता. दिवेलागणीला त्या त्यावर आरतीची चाल वाजवायच्या. गल्लीतली मुलं हसायची, ‘विलायती देव आला’ म्हणायची. बाईही हसायच्या.

मग त्यांचे डोळे अधू झाले. ऑपरेशनसाठी लेकीकडे इंदूरला जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली.

“भाऊ, खर्च मोठा आहे. जमलं तर पियानो विका. पण वाजवणाऱ्यालाच द्या हं. कपडे वाळत घालणाऱ्याला नको.”

बुऱ्हाणपुरात पियानो कोण घेणार? ज्याला विचारलं तो प्रत्येक जण जागा किती लागते तेवढंच विचारायचा. तेवढ्यात कोणीतरी बोलून गेलं की पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत असतो, त्याला सोन्यासारखा भाव.

आमचं घर जरीच्या धंद्यातलं. वडील जुनी भरजरी लुगडी विकत घेऊन भट्टीत जाळायचे. कापड जायचं, चांदी उरायची. कोणाच्या लग्नातलं लुगडं आहे हे आमच्याकडे कधी कोणी विचारलं नाही. किंमत चांदीत, बाकी सगळी राख, हे मी बोलायला शिकायच्या आधीच शिकलो होतो. पियानोकडे मी त्याच नजरेनं पाहिलं.

ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्री, मग पातळ सुरी. जुना सरस वितळून वास सुटायचा आणि पट्टीवरची हस्तिदंताची पापडी सुटून यायची. बाईंना मदत करायची होती हे खरं. आपण किती हुशार, हे त्यांना दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं. सगळ्या पापड्या काढून मी धुतल्या, पुसल्या आणि पंच्यात बांधून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेलो.

त्यानं गाठ सोडली, एक पापडी उजेडात धरली आणि पटकन पंचा मिटला.

“काका, हे कुठून उचलून आणलं? पहिले बांधा.”

“चोरीचं नाही. शेजारच्या बाईंच्या पियानोचं, शंभर वर्षांचं आहे.”

“हजारचं असू द्या ना. हस्तिदंत विकणं गुन्हा, घेणं बी गुन्हा. जंगलखात्याचे आले तर तुम्हाला-मला एकाच जीपमध्ये नेतील. जमानत कोण देईल, काकू?”

“पण भाव तर असेल?”

“चोरबाजारात बी ह्याला कोण विचारतं? पापडासारखं पातळ. ना मूर्ती होते, ना चुडी. बाईंच्या घरात होतं तसं राहिलं असतं, तर कागदपत्रं करून वारशानं घरच्यांना गेलं असतं. बस. तुम्ही तर सोलून आणलं!”

घरी येऊन मी पापड्या परत चिकटवायला बसलो. इस्त्रीनं काही वाकल्या होत्या, काही तडकल्या होत्या, आणि कोणती कुठली ते मला कळेना. मग जंगलखात्याची धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी राजघाटावर जाऊन मी पंचा तापीत सोडला. पलीकडे बायका धुणं धूत होत्या. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

बाई परत आल्या. ऑपरेशन होऊनही नजर आली नव्हती. रिक्षातून उतरताच त्यांनी विचारलं, “पियानो गेला का हो?”

“नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही.”

“बरं झालं, भाऊ. आता तेवढंच राहिलंय. त्याला डोळे लागत नाहीत.”

मी त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी झाकण उघडलं आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली. उघडं लाकूड, त्यावर सरसाचे खडबडीत थर. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. एकही सूर दाबला नाही.

“गार लागत नाहीत,” त्या म्हणाल्या. मग, “काय झालं हो?”

“उंदीर,” मी म्हणालो. “घर बंद होतं ना.”

“हत्तीचे दात उंदरांनी नेले? कमाल आहे आपल्या गावच्या उंदरांची.” एवढं बोलून त्यांनी झाकण लावलं.

त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. लाकडावरही सूर वाजले असते. पण त्यानंतर दिवेलागणीला शेजारून कधी आरती ऐकू आली नाही. इंदूरला प्लास्टिकच्या पट्ट्या बसवून मिळतात असं मी ऐकलं होतं. पण बसवायच्या तर आधी खरं सांगावं लागलं असतं. मी रोज त्यांना दूध नेऊन द्यायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्या ‘भाऊ, तुमचे फार उपकार’ म्हणायच्या आणि मी पुढची बातमी वाचायचो.

त्या गेल्यावर लेकीनं पियानो भंगारवाल्याला दिला. त्यानं तारांचं लोखंड काढून घेतलं आणि लाकूड जळणात गेलं.

दाराशी दुधाचं भांडं घेऊन उभा असताना एक वाक्य रोज माझ्या ओठांपर्यंत यायचं. बाई, उंदीर नव्हते. मी होतो. मला माफ करा.