रुमालाखालचा हात

येशूअण्णाचा हात रुमालाखाली गेला की समोरच्याला घाम फुटायचा. सोलापूरच्या मेंढरांच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून आकडा सांगायचा आणि चेहरा दगडाचा ठेवायचा. हात आत असेतो मालाला कुणी बोट लावायचं नाही. पटलं नाही तर हात बाहेर काढायचा. ज्यानं काढला त्यानं सौदा मोडला. अण्णानं कधी आधी हात काढलेला मी पाहिला नाही. समोरचा चिडायचा, शिव्या द्यायचा, पाय आपटायचा आणि शेवटी अण्णाच्या आकड्यावर यायचा. अण्णा तसाच उभा. मला म्हणायचा, "गणपा, हात काढणारा गरजू असतो असं न्हाय. त्याला धीर नसतो, एवढंच."

हा धंदा मला त्यानंच शिकवला. मंगळवेढ्याकडून मी आलो तेव्हा माझ्या अंगावर एक घोंगडं होतं आणि पोटात आग. अण्णानं मला आपल्या शेजारी उभं केलं, मेंढराच्या पाठीवर हात फिरवून वजन ओळखायला शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून लोक मला कृतघ्न म्हणतील. खुशाल म्हणोत.

त्याची बायको मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होती. ती बरी झाली असती आणि अण्णा ख्रिस्ती झाला असता, तर मला समजलं असतं. माल मिळाला, किंमत दिली. पण ती मेली, आणि हा बाप्तिस्मा घेऊन परत आला! मी तोंडावर विचारलं, "अण्णा, यात तुला मिळालं काय?" तो म्हणाला, "तिच्या दुखण्यात कुणीतरी माज्या संगं बसलं हुतं, गणपा. मला एकट्याला रडू दिलं न्हाय." असल्या हिशेबाला वजनच नसतं.

दलाली त्यानं सोडली, बाजार सोडला नाही. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली उभा राहून प्रवचन करायचा. लोकांनी येशूअण्णा नाव पाडलं ते तेव्हा. मेंढरांच्या बाजारात उभं राहून हा देवाच्या कोकराची, म्हणजे येशूच्या बळीची, गोष्ट सांगायचा, आणि गिऱ्हाइकं मेंढरं सोडून ऐकत बसायची. मी एकदा भरल्या बाजारात अडवलं. "देवानं पोटचा पोरगा मरायला दिला म्हणतोस. अरे, आम्ही मेंढरं विकणारी माणसं, पण कळपातला चांगला एडका घरीच ठेवतो!"

"म्हणून तर त्यो दलाल न्हाय," अण्णा म्हणाला. लोक हसले.

"आम्ही पण जत्रेत बकरं देतोच की. नवीन काय सांगतोस?"

"तितं माणूस देतो, देव घेतो. हितं देव देतो. तुला घ्यायला जड जातं, व्हय ना?"

जड नाही, मला ते चुकीचं वाटत होतं आणि आजही वाटतं. ज्यानं केलं त्यानं भरावं. निरपराध्यानं मध्ये येऊन भरलं, तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या पदरात काय पडलं? हा प्रश्न अण्णाच्या प्रवचनात कधी आला नाही. तो माझ्या दारात आला.

अक्कलकोटकडचा एक मेंढपाळ होता, बिरप्पा. "एक रात तुमच्या वाडग्यात मेंढरं कोंडू द्या, शेठ," म्हणून हात जोडले. मी जागा दिली. त्याच्या मेंढरांच्या तोंडाला देवीचे फोड होते; त्यानं राख चोळून ते झाकले होते. सकाळी मेंढरं बाजारात विकून तो गेला आणि पंधरवड्यात माझं वाडगं ओस पडलं. एकेक मेंढरू मी स्वतः निवडून घेतलं होतं. त्यांचे खड्डेही मीच खणले.

पुढच्या बाजारी बिरप्पा दिसला. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं का?" तो खाली बघून म्हणाला, "व्हय जी. इकली न्हाईत तर पोरं उपाशी मरतील वाटलं." मी काठी उचलली. ती त्याच्यासाठी होती, हे सगळ्या बाजारानं पाहिलं. मध्ये हात घातला अण्णानं. त्याला कुणी बोलावलं होतं?

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ती पुन्हा कधी वळली नाहीत. फौजदार आला तेव्हा अण्णा म्हणाला, "काठी माज्यासाठी न्हवती. माजी तक्रार न्हाय. मी त्याला माफ केलंय." मी माफी मागितली होती का? न मागितलेला माल गळ्यात बांधणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ते मला त्यानंच शिकवलं होतं. त्या दिवसापासून माझ्या मेलेल्या मेंढरांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जो तो म्हणायचा, "उस्तादाचा हात मोडला रं यानं." आणि बिरप्पा? तो अण्णाच्या घरी राहिला, मिशनच्या देवळाची घंटा वाजवू लागला.

मी शपथ घेतली. अण्णा आहे तोवर थांबेन. तो गेला की बिरप्पाला सोलापुरात उभं राहू देणार नाही. ही शपथ मी चारचौघांत बोलून दाखवली होती. अण्णालाही ती कळली असणारच.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. मग एका दुपारी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, बिरप्पाच माझ्या दारात येऊन उभा राहिला. "अण्णा लई आजारी हायती. तुमाला बोलिवलंय." मी त्याच्याकडे न बघता निघालो.

अण्णा वाळून काटकी झाला होता. मला म्हणाला, "सौदा करायचाय. बिरप्पाला सोड."

"बदल्यात काय देशील?"

"रुमाल टाक."

सवयीनं मी खांद्यावरचा रुमाल टाकला. आत चाचपलं तर बोटं दाबत नव्हती, आकडा नव्हता. सगळा पंजाच त्यानं माझ्या हातात ठेवला होता, न वळणाऱ्या त्या दोन बोटांसकट.

"अण्णा, आकडा सांग."

"जेवढं हाय तेवढं दिलं की."

"असा कुठं सौदा असतो?"

तो हसला. हात त्याचा होता तिथंच होता. मी संतापलो होतो. मी हात काढला असता तर सौदा मोडला असता, शपथ माझी खरी करता आली असती, बिरप्पा माझ्या हाती लागला असता. पण आधी हात काढणारा मी ठरलो असतो, तेही त्याच्यासमोर. मी बसून राहिलो. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. हात गार पडत गेला.

बिरप्पा रडत म्हणाला, "शेठ, अण्णा गेलं. हात काढा की आता."

"गप बस," मी ओरडलो. "सौदा चाललाय."

शेवटी मातीची वेळ झाली, तेव्हा लोकांनीच रुमाल उचलला आणि त्याचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला. मी काढला नाही, बाजारात कुणालाही विचारा. त्यानंही काढला नाही. म्हणजे सौदा मोडलेला नाही, आणि सौदा चालू असेतो मालाला बोट लावायचं नसतं. बिरप्पा अजून माझ्या दारावरून घंटा वाजवायला जातो, थांबून रामराम करतो, आणि मला त्याला हात लावता येत नाही. धंदा शिकवणाऱ्यानंच मला असं फसवलं.